चक्की चार वाजेपर्यंत

पस्तीस वर्षं मी मीटर वाचले.
काळ्या डब्यात फिरणारी चकती,
तिच्यावरची लाल खूण.
कुठल्या घरात कोण किती जागं असतं, मला कळायचं.
आता रिटायर आहे, पण वही सुटत नाही.
वच्छला मडावीच्या चक्कीवर बसून आकडे मांडतो,
मिशांवर पीठ बसतं.

तिच्या टिनावर बारा प्लेटा आहेत सोलरच्या.
बचत गटाचं कर्ज, हप्ता पाच तारखेला.
माकडं येतात, ती गुलेर घेऊन उभी.
जिनिंग सुरू झालं की धूळ येते,
मग सकाळी ओल्या लुगड्याच्या बोळ्यानं
एकेक पुसते,
पोराचं तोंड पुसावं तशी, थोडी रागानं.

मागच्या मंगळवारी शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली.
धरणापलीकडच्या पडीत जमिनीवर
अणुवीज येणार म्हणतात. नक्की नाही.
साहेब तरुण होता, आमचं पाणी निमूट प्याला.
म्हणाला, मूठभर इंधन, साठ वर्षं,
रात्र नाही, ढग नाही, अखंड.
पडद्यावर एक रेघ होती,
ताणलेल्या दोरीसारखी सरळ.
मला आवडली, खोटं कशाला बोलू.
रात्री दोनला ओलिताला जाणाऱ्या माणसाला
असलीच रेघ पाहिजे.

वच्छला उठली. पदराला पीठ.
"सायेब, पयलं युनिट कवा निंगन?"
बारा वर्षं, तो म्हणाला. मग थांबून, कदाचित पंधरा.
"अन् तवरोक व्याज कोन भरन?
माहा हप्ता त दुसऱ्याच मयन्यात सुरू झाला,
पन प्लेटा तिसऱ्या दिवशी दळत होत्या."
साहेबानं पुढचं चित्र लावलं,
मग परत मागचं लावलं.
ते मला बरं वाटलं.

रात्री वही उघडली.
एकीकडे सिमेंट, पोलाद, व्याज,
व्याजावरचं व्याज,
भट्टी म्हातारी झाली की तिला निस्तरायचा खर्च,
आणि मागे उरणारी राख,
जी राख नाही, जी राखावी लागते.
नातवाच्या नातवाच्याही पुढचा कुणी राखणदार,
त्याचा पगार आज कुठल्या दरानं धरू?

दुसरीकडे लिहिलं: ऊन, फुकट.
त्याखाली बॅटरी लिहिली,
आणि वरचं फुकट खोडलं.

श्रावणातले ते नऊ दिवस.
ढग हलेना, चक्की मुकी.
ज्वारीचं पोतं सायकलवर घालून
मीच गेलो डिझेलच्या चक्कीला,
सात किलोमीटर चिखलातून,
आणि वच्छलेच्या दारासमोरून जाताना
घंटी वाजवली नाही.
हे सात किलोमीटर
कुठल्या रकान्यात घालायचे?

चक्कीच्या मागे मोठ्या लाइनीचा टॉवर आहे.
ती वीज आमच्यावरून जाते, थांबत नाही,
दमट हवेत नुसती गुणगुणते.
हिवाळ्यात पावणेचारला
त्या टॉवरची सावली टिनावर चढते,
पहिली प्लेट, दुसरी,
आणि चक्कीचा आवाज बसत जातो
बोलता बोलता म्हाताऱ्याचा बसावा तसा.

काल नेमकी तेव्हाच मंदा नैताम धावत आली,
डोक्यावर डबा, घरी पाहुणे.
वच्छलेनं सूर्याकडे पाहिलं नाही,
टॉवरकडे पाहिलं.
"अर्धं होते," म्हणाली. "बाकीचं उद्या दहाले आन."
मंदा ओट्यावर टेकली, धापा टाकत.
खालच्या डब्यात पिठाची धार बारीक होत गेली.
मी वहीत वेळ लिहिली,
तीन एकावन्न.
भाव लिहिला नाही.